सत्तर डेस्कटॉप, दोन माणसं आणि लिनक्स: बसवू हो, पण पुढे सांभाळायचं कसं?

मिऱ्याबंदर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमची कंपनी आंबा-काजू प्रक्रियेतली. कारखाना रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत, काजूचं युनिट कुडाळला, वाशी मार्केटात दोन खोल्यांचं ऑफिस. सगळे मिळून सत्तरेक डेस्कटॉप, बरेचसे चौथ्या ते सातव्या पिढीचे आय-थ्री आणि आय-फाइव्ह. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमची निम्म्याहून जास्त मशीन बाद. पैसे भरून सुरक्षा अपडेट घ्यायचे तर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षं. मालकांचं म्हणणं एवढंच, की मशीन चालतायत तर फेकायची कशाला?

तर लिनक्स ठरलंय, म्हणजे विंडोजच्या जागी ती मुक्त, मोफत प्रणाली. 'घ्यावं की नाही' हा वाद इथे नको. (होणारच, हे माहीत आहे.)

बसवण्याची मला काळजी नाही. पेनड्राइव्ह घेऊन सत्तर टेबलं फिरेन. काळजी आहे ती नंतरच्या पाच वर्षांची. अपडेट कोण करणार, प्रिंटर कोण बघणार, कुडाळच्या मशीनला काय झालंय ते रत्नागिरीत बसून कळणार कसं? आयटी विभाग म्हणजे मी आणि आयटीआय झालेला एक मुलगा. स्टाफचं काम टॅली, एक्सेल, मेल, अपेडाचं मँगोनेट (आंबा निर्यातीच्या नोंदींचं सरकारी पोर्टल), जीएसटी पोर्टल आणि पुष्कळसं मराठी टायपिंग. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा.

फुकटफौजदार | रविवार, रात्री ९:३०

भाजलेले काजू घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

पुणेरी_पेंग्विन | रविवार, रात्री ९:४१

आर्च लिनक्स बसवा. रोलिंग (सतत नवं येत राहणारं) असल्यामुळे आवृत्ती बदलायची भानगडच नाही. आणि विंडोजचं एकही मशीन ठेवू नका, नाहीतर लोक तिथेच जाऊन बसतात.

टर्मिनलकाका | रविवार, रात्री १०:२५

पेंग्विनराव, सत्तर मशीनवर रोज नवीन कर्नल येऊ दे आणि त्याच दिवशी मँगोनेटवर कन्साइनमेंट भरायची असू दे, मग बोलू.

मिऱ्याबंदर, मी पुण्याजवळच्या एका कारखान्याची दीडशे मशीन बघतो. गाव दापोली, त्यामुळे तुमचं हवामान ठाऊक आहे. जे करतो ते सांगतो.

डिस्ट्रो (लिनक्सची जात) एकच आणि आवृत्ती एकच. आमच्याकडे डेबियन स्टेबल आहे. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) धरून पाच वर्षं तिला मरण नाही. मिंट २२ लाही एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि दिसायला ते जास्त देखणं आहे. पण नेटवर्कवरून हुकमी इन्स्टॉल करायचं तर डेबियन सोपं. पीएक्सईने (नेटवर्कवरून) बूट केलं की इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं प्रीसीड नावाच्या एका मजकुराच्या फाइलीतून मिळतात. मशीन चालू करायचं, एफ-१२ दाबायचं आणि चहाला जायचं. पेनड्राइव्हची वारी नको.

इन्स्टॉल मात्र मुद्दाम उघडंवाघडं ठेवा. बाकी सगळं (लिबरऑफिस, फॉन्ट, प्रिंटर, ब्राउझरचे बुकमार्क, वॉलपेपरसुद्धा) ॲन्सिबल या मशीन सांभाळणाऱ्या अवजाराने. त्याला मशीनवर वेगळा एजंट लागत नाही. एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) आणि पायथन असलं की झालं. आणि तुमच्या बाबतीत ॲन्सिबल-पुल वापरा, त्यासाठी मात्र ॲन्सिबल प्रत्येक मशीनवर बसवावं लागतं. म्हणजे तुम्ही मशीनला हाक मारायची नाही, मशीनच गिटमधून (बदलांची नोंद ठेवणारा फायलींचा साठा) सूचना ओढून घेतं आणि स्वतःवर लागू करतं. कुडाळची लाइन पडली असेल, मशीन दोन दिवस बंद असेल, हरकत नाही. चालू झालं की आपणहून रांगेत येतं.

अपडेटसाठी प्रत्येक ठिकाणी एका जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी ठेवा. पॅकेज एकदाच उतरतं, बाकीच्यांना तिथूनच वाटलं जातं. सुरक्षा अपडेट अनअटेंडेड-अपग्रेड्सने आपोआप. पण आधी चार-पाच मशीनवर, तुमचं स्वतःचं त्यात आलंच. आठवडाभर कोणी ओरडलं नाही की बाकीच्यांवर.

देवगडचा_हापूस | सोमवार, सकाळी ७:५०

काकांचा आदर राखून असहमत. दोन माणसांच्या विभागाला ॲन्सिबल शिकायला वेळ कुठून? एक मशीन नीट सजवायचं, क्लोनेझिलाने त्याच्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्यायची आणि बाकीच्यांवर उतरवायची. अर्ध्या तासात एक मशीन तयार. बिघडलं तर पुन्हा तीच इमेज. एका पतसंस्थेत मी हेच केलंय, आजही चालू आहे.

टर्मिनलकाका | सोमवार, सकाळी ९:०५

देवगडकर, इमेज म्हणजे तुमचं हापूसचं कलम. झाड हुबेहूब तेच येतं, रोगासकट.

गंमत सोडा. इमेज घेण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी केली होती का? एसएसएचच्या होस्ट किल्ल्या पुसल्या होत्या का? नाही केलं तर सगळी मशीन स्वतःला एकच समजतात, आणि नेटवर्कचे पत्ते वाटणारा डीएचसीपी दोघांना एकच आयपी द्यायला बसतो. तेही जमतं, मान्य. पण सहा महिन्यांनी नवीन प्रिंटर आला की काय करता? नवी इमेज बनवून सगळीकडे उतरवता, की प्रत्येक मशीनवर जाऊन हाताने? हाताने केलंत की त्या दिवसापासून प्रत्येक मशीन वेगळं.

देवगडचा_हापूस | सोमवार, सकाळी ९:४०

हाताने. 😀 पण माझी मशीन अठरा आहेत. सत्तर असती तर तुमचं ऐकलं असतं. आणि कलमाला नावं ठेवू नका, भौगोलिक मानांकन आहे त्याला.

मालवणी_मासो | सोमवार, दुपारी १:१५

माका एकच सांगा रे, ह्या लिनक्सावर पत्ते खेळूक गावतत काय? आमचो हेडक्लार्क दुपारचो दुसरां कायच करणा नाय. पत्ते गेले तर तो मालकाक सांगतलो, कॉम्प्युटर बिघाडलो म्हणान.

फुकटफौजदार | सोमवार, दुपारी १:२२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आख्ख्या धाग्यातला सगळ्यात व्यवहारी प्रश्न.

सीए_सावंतवाडी | सोमवार, दुपारी ३:१०

हिशेबाची बाजू मी मांडतो, कारण लिनक्सची बहुतेक स्थलांतरं अकाउंट्सच्या टेबलापाशी येऊन अडलेली मी पाहिली आहेत.

टॅलीप्राइम विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) उघडतं, बरंचसं चालतंही, पण ३१ मार्चच्या रात्री अडलं तर मदत मागायला जागा नाही. माझे दोन अशील करतात ते असं: एका खोलीत एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली, आणि लिनक्सच्या टेबलावरून रेमिना वापरून आरडीपीने (दुरून विंडोजचा पडदा उघडून) त्यात शिरायचं. डेटा एका जागी, बॅकअप एका जागी. सर्व्हरच्या युजर लायसन्सचे पैसे लागतात, ते आधीच बजेटमध्ये धरा, नाहीतर 'फुकट म्हणाला होतात' असं ऐकावं लागेल.

डीएससी (डिजिटल सही) टोकनसाठी एक विंडोज मशीन वेगळंच ठेवा. टोकनचे काही प्रकार लिनक्सवर चालतात, पण डायरेक्टर मुंबईहून एका दिवसासाठी सहीला आलेले असताना ड्रायव्हर शोधत बसू नये.

पुणेरी_पेंग्विन | सोमवार, दुपारी ३:३५

टॅलीच कशाला? ग्नूकॅश आहे की! मुक्त, मोफत, दुहेरी नोंद.

सीए_सावंतवाडी | सोमवार, दुपारी ४:०२

कारण १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येकाला हिशेबाचं सॉफ्टवेअर असं लागतं, की ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरला अहवालात तसं लिहावं लागतं. घरखर्चाला ग्नूकॅश उत्तम, मी स्वतः वापरतो. मिऱ्याबंदर यांच्या कंपनीच्या ऑडिटला ते घेऊन मी तरी बसणार नाही.

मुक्तच हवं असेल तर ईआरपीनेक्स्टचा (अख्ख्या कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) विचार करा. मुंबईच्या लोकांनी बनवलंय, जीएसटीची सोय आहे, आणि ब्राउझरमध्ये चालतं म्हणून टेबलावर काय आहे याने फरक पडत नाही. पण ते काम वेगळं, या वर्षी दोन्ही एकदम काढू नका.

जुना_जाणता | सोमवार, रात्री ८:४५

सीए साहेबांचं शेवटचं वाक्य अधोरेखित करतो. म्युनिक महापालिकेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. २००३ मध्ये लिनक्सवर जायचा ठराव झाला, तो होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचे बामर स्वतः महापौरांना भेटून आले होते. २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास मशीन लिनक्सवर गेली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, जमत नाही.

पण फ्रान्सच्या जाँदारमरीचं बघा, म्हणजे त्यांचं ग्रामीण पोलीस दल. त्यांनी २००५ ला फक्त ऑफिस बदललं. विंडोज तसंच ठेवून वर ओपनऑफिस. मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. लोकांना त्यांची सवय झाल्यावर २००८ पासून खालचं विंडोज काढून उबंटू. तोवर शिपायाच्या दृष्टीने बदलण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. आज लाखाच्या आसपास मशीन त्यावर आहेत.

मिऱ्याबंदर, उद्याच विंडोजवरच लिबरऑफिस टाका. कोणाच्या एक्सेलमध्ये मॅक्रो आहेत ते दोन आठवड्यांत आपोआप कळेल, कारण तेच पहिले भांडायला येतील.

मिऱ्याबंदर | सोमवार, रात्री ९:३०

जाणतेकाका, हे फार कामाचं आहे. डोक्यात आलंच नव्हतं. मॅक्रोवाला एक माणूस मला आत्ताच माहीत आहे, डिस्पॅचमधला. त्याची शीट उघडायला पाच मिनिटं लागतात आणि तो ती कोणाला दाखवत नाही.

टर्मिनलकाका | सोमवार, रात्री ९:४४

त्याला एक विंडोज आणि एक्सेल ठेवून द्या. एका माणसासाठी सत्तरांचं अडवू नका. बाकीच्यांसाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट आठवणीने बसवा. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्याच मापाचे आहेत, म्हणजे बाहेरून आलेलं पत्र उघडल्यावर ओळी सरकत नाहीत. नव्वद टक्के 'लिबरऑफिसने फाइल बिघडवली' या तक्रारी फॉन्टच्या असतात. (हा आकडा माझ्या रागातून आला आहे, मोजलेला नाही.)

चिपळूणकरीण | मंगळवार, सकाळी १०:२०

फॉन्टचा विषय निघालाच आहे म्हणून. तुमच्याकडे 'पुष्कळसं मराठी टायपिंग' नेमकं कशात होतं? युनिकोडमध्ये की श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांतल्या कशात? आमच्या संस्थेत पंधरा वर्षांची पत्रं जुन्या फॉन्टमध्ये निघाली. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली की वाचता येतात, पण त्यात शोधता येत नाही, कॉपी करून मेलमध्ये टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. आम्ही रूपांतरक वापरून नेहमीचे मसुदे तेवढे युनिकोडमध्ये आणले, बाकी पीडीएफ करून कपाटात. प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं असतं आणि जोडाक्षरं चुकतात, त्यामुळे एका माणसाने डोळ्यांखालून घालावंच लागतं. याला वेळ धरा. आमच्याकडे सगळ्या स्थलांतरात जास्त वेळ यालाच गेला, लिनक्सला नाही.

कळफलक | मंगळवार, सकाळी ११:०५

ताईंशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि त्याहून पुढचा प्रश्न बोटांचा. टंकलेखनाची परीक्षा दिलेले लोक रेमिंग्टनवर बसतात, सरकारी प्रशिक्षण झालेले इनस्क्रिप्टवर, आणि नवी पोरं रोमनमध्ये मराठी लिहितात. तिघांनाही आयबसमध्ये (लिनक्सवर कळफलक बदलायची सोय) एम-१७-एन बसवून आपापला कळफलक देता येतो. त्यात मराठी रेमिंग्टन आहे, इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, एवढंच काय, गमभनसुद्धा आहे. कोणाला 'आता हेच शिका' म्हणू नका. पन्नाशीतल्या टंकलेखिकेची बोटं बदलायला जाल तर ती रजेवर जाईल आणि तिचं बरोबर असेल.

'ऱ्या' आणि 'ॲ' प्रत्येक कळफलकावर कसे उमटतात ते कागदावर छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. तुमच्या तर आयडीतच 'ऱ्या' आहे.

मिऱ्याबंदर | मंगळवार, दुपारी १२:४०

कळफलक, आयडी घेताना खरंच त्रास झाला होता. 😀

चिपळूणकरीण ताई, दोन्ही आहे. ऑफिसची पत्रं युनिकोडमध्ये, पण कारखान्यातली हजेरी आणि सूचना जुन्या फॉन्टमध्ये. ते कपाट आजच उघडतो.

प्रिंटरबद्दल कोणीच लिहिलं नाही. तीन जातीचे आहेत: ऑफिसला लेसर, चलनाला डॉट मॅट्रिक्स, पेट्यांवर लेबलला थर्मल.

देवगडचा_हापूस | मंगळवार, दुपारी २:१५

लेसरमध्ये ते छोटे, स्वस्त, गावोगाव दिसणारे प्रिंटर असतील तर आधी तेच तपासा. त्यातल्या काहींना कंपनीचा स्वतःचाच ड्रायव्हर लागतो आणि नव्या लिनक्सवर तो रुसतो. पतसंस्थेत मी हरलो आणि ते प्रिंटर विकले. नवीन घेताना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट चालतं का एवढंच विचारा. असेल तर कप्स, म्हणजे लिनक्सचा छपाईवाला, ड्रायव्हरशिवाय छापतो. एचपीच्या काही लेसरना एचपीलिपचं (एचपीचा लिनक्स ड्रायव्हर) प्लगिन वेगळं उतरवावं लागतं, ते इन्स्टॉलच्या वेळीच उरकून घ्या.

डॉट मॅट्रिक्सची भीती बाळगू नका, तीस वर्षांची भाषा आहे, लिनक्सला पाठ आहे. फक्त चलन इंग्रजीत ठेवा. मराठी मजकूर चित्र म्हणून जातो आणि एक पान छापेस्तोवर ट्रक सुटतो. थर्मलचं मला माहीत नाही.

गुहागरी | मंगळवार, सायंकाळी ६:५०

सगळे सॉफ्टवेअरवर बोलतायत. मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मशीन दुरुस्त करतो, तर थोडं लोखंडाचं.

तुमची मशीन बरीच जुनी आहेत ना? लिनक्स टाकायच्या आधी प्रत्येक कॅबिनेट उघडा. खारी हवा रॅमचे आणि कार्डांचे संपर्क खाते. रॅम काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवली की 'लिनक्स हँग होतं' ही निम्मी तक्रार येणारच नाही. फिरती हार्डडिस्क असेल तर एसएसडी घाला. तुमच्या मशीनला त्याने जो वेग येतो तो कुठल्याही डिस्ट्रोने येत नाही. आत मुंग्या आणि पाली असतातच. पॉवर सप्लायमध्ये भाजलेली पाल मी इतक्यांदा काढली आहे की आता नमस्कार करून काढतो.

पावसात कोणी वापरत नसलं तरी मशीन दिवसातून तास-दोन तास चालू ठेवा. आतली ऊब दमट हवेला थारा देत नाही. श्रावणानंतर पहिल्यांदा बटण दाबाल तर धूर बघाल.

आणि विजा. मे-जून आणि परतीचा पाऊस. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल ओढली असेल तर ती काढा आणि फायबर टाका. दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, वीज जवळ पडली की फरक केबलमधून धावतो आणि दोन्हीकडचे स्विच घेऊन जातो. फायबरमधून वीज जात नाही.

टर्मिनलकाका | मंगळवार, रात्री ८:१०

गुहागरी, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, आम्ही लोक हे विसरतो. त्यात एक भर. सर्व्हर आणि कॅशवाल्या मशीनच्या यूपीएसला नट जोडा (नेटवर्क यूपीएस टूल्स). बॅटरी संपत आली की ते मशीन नीट बंद करतं. आणि बायॉसमध्ये 'वीज आली की चालू हो' हे ठेवा, म्हणजे रविवारी कारखान्यात कोणाला पळवावं लागत नाही.

मालवणी_मासो | मंगळवार, रात्री ८:३०

पालीचा काय करूचा तां कळला, पत्त्यांचा अजून कोणी बोलूक नाय.

कळफलक | मंगळवार, रात्री ८:४१

ऐसलरिऑट नावाचं आहे, त्यात पत्त्यांचे शेकड्याच्या आसपास प्रकार. तुमचा हेडक्लार्क निवृत्त होईपर्यंत पुरतील.

चिपळूणकरीण | बुधवार, सकाळी ९:५५

बॅकअपबद्दल एक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर शिरलं तेव्हा सर्व्हर आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होते. ती व्यवस्था आमच्या आधीच्या कंत्राटदाराची. आता बोर्ग या सॉफ्टवेअरने रोज रात्री बॅकअप होतो आणि त्याची एक प्रत घाटावर कराडच्या शाखेत जाते. मिऱ्याबंदर, तुमच्याकडे रत्नागिरी, कुडाळ आणि वाशी अशी तीन ठिकाणं आहेतच, एकमेकांचे बॅकअप एकमेकांकडे ठेवा. वर्षातून एकदा एखादी फाइल परत आणूनही बघा.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. तुमचा आयटीआयचा मुलगा ॲन्सिबल शिकला की काय होईल? त्याला पुण्यात दुप्पट पगार मिळेल आणि तो जाईल. जावाच. आमचे दोन गेले. पहिला गेला तेव्हा तीन महिने आम्हाला कुठल्या मशीनवर काय आहे तेच कळत नव्हतं. पाच वर्षं सांभाळायचं म्हणता, त्या पाच वर्षांत माणूस बदलणार हे धरून चाला.

जुना_जाणता | बुधवार, सकाळी १०:३०

शंभर टक्के. धाग्याच्या मूळ प्रश्नाला हे पहिलं सरळ उत्तर आलं.

टर्मिनलकाका | बुधवार, सकाळी ११:१५

ताई, ॲन्सिबलसाठी मी हट्ट धरला तो याचसाठी. माणूस गेला तरी त्याने काय केलं ते गिटमध्ये तारखेनिशी राहतं. देवगडकरांची इमेज उघडून आत काय काय बदललंय ते सांगा पाहू?

आमच्याकडचा शिरस्ता असा. मशीनवर हाताने काहीही बदलायचं नाही, अगदी मीसुद्धा. फाइलमध्ये लिहायचं आणि मशीनला ओढून घेऊ द्यायचं. प्रत्येक बदलाबरोबर कारण लिहायचं, मराठीत. 'स्टोअरच्या थर्मल प्रिंटरला आडवा कागद, कारण पेटीचं लेबल उलटं यायचं.' एवढंच. पुढच्या मुलाला हीच ओळ वाचवते. नवीन मुलगा आला की त्याला पहिल्या आठवड्यात एक मशीन पूर्ण पुसून देतो आणि सांगतो, फक्त कागद वाचून उभं कर. जिथे तो अडेल तिथे कागद अपुरा आहे.

रूट (सर्वाधिकाराचा) पासवर्ड पाकिटात घालून मालकाच्या तिजोरीत. हसू नका, हेच सगळ्यात आधी विसरतात.

देवगडचा_हापूस | बुधवार, सकाळी ११:४०

ठीक आहे काका, अठरा मशीनवर तुमचं करून बघतो. फायली व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

सीए_सावंतवाडी | बुधवार, दुपारी १२:३०

कागदावरून आठवलं. सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. लॉग १८० दिवस जपायचे आणि सगळ्यांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. लिनक्सवर हे सोपं असेल, पण केलंय हे दाखवता आलं पाहिजे.

टर्मिनलकाका | बुधवार, दुपारी १२:४८

घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीच्या फाइलीत एक ओळ, आणि लॉग एका सर्व्हरवर गोळा करायला आरसिसलॉग. सत्तरही मशीनवर एका प्लेबुकमध्ये (ॲन्सिबलची सूचनांची फाइल) होतं.

मिऱ्याबंदर | बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय ते लिहितो, कुठे चुकत असेल तर ओरडा.

या आठवड्यात विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स सगळीकडे. मुलगा आणि मी डेबियनवर आजपासूनच. वाशीचं ऑफिस पहिलं, कारण तिथली माणसं कमी आणि फोनवर भांडायला पटाईत. मार्चपासून मेअखेर आंब्याचा सीझन, तेव्हा कारखान्यातल्या कोणाच्याही मशीनला हात लावायचा नाही. कुडाळची प्रिंटरयादी मुलगा या रविवारी करतोय. अकाउंट्सची चार मशीन आरडीपीवर, डिस्पॅचवाल्याचं एक्सेल तसंच, डीएससीचं एक विंडोज. सातव्या पिढीच्या आतली जी उघडून साफ करूनही रडतील ती सुट्या भागांसाठी कपाटात.

कारखान्याची पाळी जूनमध्ये धरत होतो, पण गुहागरींनी विजांचं लिहिल्यावर गणपतीनंतर ढकलली. तसंही गणपतीआधी कोकणात कोण ऐकतं?

एक राहिलं. गेटवर वजनकाटा आहे, सिरियल केबलने एका मशीनला जोडलेला. त्याचं काय?

गुहागरी | बुधवार, रात्री १०:४०

काट्याचं सॉफ्टवेअर कोणत्या सालचं आहे?

मिऱ्याबंदर | बुधवार, रात्री १०:४४

देणाऱ्याने दुकान बंद केलंय. विंडोज एक्सपीवर चालतं.

टर्मिनलकाका | बुधवार, रात्री ११:१०

मग त्या मशीनला हातही लावू नका, आधी त्याची लॅन केबल काढा. एक्सपी नेटवर्कवर ठेवायचं नसतं.

काटा स्वतः गरीब असतो, सिरियलवरून फक्त आकडे ओकतो. यूएसबी-सिरियल केबल घ्या. पीएल-२३०३ किंवा एफटीडीआय चिप असली की ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. युजरला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी) घाला आणि मिनिकॉम उघडून बघा. बॉड रेट (आकडे येण्याचा वेग) काट्याच्या डबीवर मागे लिहिलेला असतो, नसेल तर ९६०० पासून सुरुवात करा. आकडे दिसले की ते फाइलीत घेणारी पायथनची छोटी स्क्रिप्ट मी देतो. ती चार महिने एक्सपीच्या शेजारी चालवा, दोन्हींची वजनं रोज ताडून बघा, आणि मगच जुनं बंद करा. तोवर गेटवरच्या माणसाला वहीतही लिहायला सांगा.

मालवणी_मासो | बुधवार, रात्री ११:२५

वहीत तो आधीपासूनच लिवता. कॉम्प्युटरावर त्याचो इस्वासच नाय.